शिरांतील रक्ताचा साठा व त्याचा परतीचा मार्ग

रक्ताभिसरणाचा पाठ शिकविताना आपण शिक्षक बहुधा हृदयापासून आरंभ करतो. फळ्यावर मुठीएवढे हृदय काढतो, तांबड्या खडूने धमन्या रेखाटतो, रक्त कसे जोराने बाहेर पडते, नाडी कशी उडते, हे उत्साहाने सांगतो. मुले मनगटावर बोट ठेवून ठोके मोजतात आणि वर्गात गंमत येते. मग निळ्या खडूने परतीच्या रेषा ओढल्या जातात आणि एका वाक्यात पाठ संपतो : “अशुद्ध रक्त शिरांवाटे हृदयाकडे परत येते.” ते कसे येते, याविषयी पुस्तकात फारसे नसते व आपणही बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी काटोल तालुक्यातील एका शाळेत हा पाठ चालू असता एका मुलाने उठून विचारले, “गुरुजी, पायातलं रक्त वर कसं चढते? विहिरीतलं पाणी तर आपोआप वर येत नाही, मोटर लावावी लागते.” घरी संत्र्याची बाग असलेल्या मुलाला हा प्रश्न पडावा, हे स्वाभाविक होते. मी त्या वेळी “हृदय ओढून घेते” असे काहीतरी उत्तर दिले. ते सर्वस्वी चूक नव्हते, पण पुरेही नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या उत्तराशी आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या जिवाचे काही प्रश्न कसे निगडित आहेत, हेही ओघाने येईल.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या नलिकेस येथे धमनी व परत आणणाऱ्या नलिकेस शीर म्हटले आहे. मराठी विज्ञानग्रंथांत यांनाच अनुक्रमे रोहिणी व नीला अशीही नावे आहेत. दोहोंना जोडणाऱ्या केसाहूनही बारीक नलिका त्या केशवाहिन्या. ‘अशुद्ध रक्त’ हा शब्द मात्र जपून वापरावा. मुलांना त्यावरून शिरांत घाण वाहते असे वाटते. वास्तविक विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात त्याच्या मूळ प्राणवायूपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग शिल्लकच असतो. त्या रक्ताचा रंगही निळा नसून गडद तांबडा असतो. शिरा निळसर दिसतात, तो त्वचेतून आरपार जाणाऱ्या व परत फिरणाऱ्या प्रकाशाचा परिणाम होय.

आता साठ्याचा विचार करू. प्रौढ माणसाच्या देहात साधारणतः पाच लिटर रक्त असते. वीस किलो वजनाच्या मुलात ते दीड लिटरच्या आसपास असते. हे रक्त सर्वत्र सारखे वाटलेले असेल, असा आपला समज असतो. तसे नाही. कोणत्याही क्षणी एकंदर रक्ताचा साठ ते सत्तर टक्के भाग शिरांमध्ये असतो. ज्या धमन्यांचे आपण एवढे कौतुक करतो त्यांत पंधरा टक्क्यांहून अधिक नसतो, आणि जेथे रक्ताचे खरे काम, म्हणजे प्राणवायू व अन्नरस देण्याघेण्याचे काम, चालते त्या केशवाहिन्यांत तर जेमतेम पाच-सात टक्के असतो. म्हणजे पाच लिटरपैकी तीन-सव्वातीन लिटर रक्त परतीच्या वाटेवर असते. ही वाट म्हणजे नुसता रस्ता नव्हे, ती वखार आहे.

शिरेत एवढे रक्त मावते कसे? याचे कारण तिच्या भिंतीत आहे. धमनीची भिंत जाड, स्नायुयुक्त व ताठ असते. कापली तरी तिचे तोंड उघडे राहते. शिरेची भिंत पातळ व सैल असते. जुन्या काळी भिस्ती पाण्याची पखाल वाहत असे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. रिकामी पखाल चपटी पडलेली असते. तीत पाणी ओतू लागले की ती प्रथम नुसती गोल होत जाते. तोंडाशी पाण्याचा जोर वाढत नाही, पण आत मात्र पुष्कळ पाणी मावते. अगदी तटतटून भरल्यावरच चामडे ताणते. शिरेचे तसेच आहे. सारख्याच दाबाने धमनीपेक्षा शीर सुमारे आठपट अधिक ताणली जाते. ज्यांनी पखाल पाहिली नाही त्या मुलांस दुधाची प्लॅस्टिकची पिशवी दाखवावी.

हा साठा निजलेला नसतो. तो सदैव वाहतच असतो, फक्त संथपणे. आणि पखालीत नाही असा एक गुण शिरेत आहे. तिच्या भिंतीत थोडे स्नायू असतात व त्यांवर मज्जातंतूंचा ताबा असतो. प्रसंग पडला की मेंदूच्या आज्ञेने हे स्नायू आवळतात, शिरा अरुंद होतात आणि साठ्यातील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. मुलगा खो-खोच्या मैदानात धावू लागतो तेव्हा, किंवा अपघातात रक्त जाते तेव्हा, हेच घडते. निरोगी माणसाचे सुमारे वीस टक्के रक्त गेले तरी काही काळ अभिसरण तग धरू शकते, त्यास मुख्यतः हा शिरांचा राखीव साठा कारण आहे. रक्तदानाच्या वेळी दंडाच्या सांध्यापाशी जी सुई टोचतात ती शिरेतच, आणि तेथून काढलेले साडेतीनशे मिलिलिटर रक्त दात्याला जाणवत नाही, त्याचे कारणही हेच. पोटातील आतड्यांच्या शिरा, यकृत आणि त्वचेखालील शिरांची जाळी ही या साठ्याची मोठी ठिकाणे होत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हृदय रक्त ढकलते तेव्हा धमनीत त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरइतका असतो. बारीक वाटांतून जाता जाता तो झिजत जातो. केशवाहिन्या ओलांडून रक्त शिरेत येते तेव्हा अवघा पंधरा मिलिमीटरच्या आसपास उरतो, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या दाराशी तो जवळजवळ शून्य होतो. मग हा उरलेला रेटा पायाच्या तळव्यापासून छातीपर्यंत, म्हणजे तीन-चार फूट उंचीवर, रक्त चढवील कसा?

येथे आपण गवंड्याकडे पाहावे. भिंतीची समपातळी पाहण्यासाठी गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो व तिची दोन टोके दोन ठिकाणी धरतो. दोन्ही टोकांतील पाणी आपोआप एका पातळीत येते. एका टोकात चमचाभर पाणी घातले की दुसऱ्या टोकात ते तेवढे वर चढते. कोणी उपसावे लागत नाही. देहातही धमनी ही उतरती व शीर ही चढती बाजू आहे, आणि उतरत्या बाजूचे वजन चढत्या बाजूस तोलून धरते. याचा अर्थ असा की विहिरीची उपमा मुळातच थोडी फसवी आहे. विहिरीच्या पाण्याला दुसऱ्या बाजूने रेटणारे काही नसते. रक्ताला ते असते. नळ्या ताठ असत्या तर मागून येणारा थोडासा रेटाही रक्त वर नेण्यास पुरला असता.

खरी अडचण नळ्या ताठ नाहीत ही आहे. गवंड्याच्या नळीची एक बाजू फुग्याच्या रबराची केली तर काय होईल? पाणी वर चढण्याऐवजी फुगा खालच्या अंगास फुगत जाईल. शिरेचे तेच होते. ज्या सैलपणामुळे ती एवढे रक्त साठवू शकते, त्याच सैलपणामुळे उभ्या माणसाचे रक्त पायांकडे तुंबू पाहते. साठविण्याची सोय आणि परतण्याची अडचण ही एकाच गुणाची दोन अंगे आहेत. हे एकदा ध्यानात आले म्हणजे शिरांच्या रचनेतील बाकीच्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

त्यांपैकी पहिली गोष्ट झडपांची. हातापायांच्या शिरांत आतल्या बाजूने लहान लहान खिशांसारख्या झडपा असतात. रक्त हृदयाच्या दिशेने जाऊ लागले की हे खिसे भिंतीला चिकटून वाट देतात. ते मागे फिरू लागले की खिसे भरतात, एकमेकांस भिडतात व वाट बंद होते. इटलीतील पादुआ विद्यापीठाचे अध्यापक फाब्रिसियस यांनी १६०३ साली या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. पण त्यांचा उपयोग त्यांना कळला नव्हता. रक्त हातापायांकडे एकदम वाहून जाऊ नये, म्हणून ते जरा अडविण्यासाठी त्या आहेत, असे त्यांना वाटले. वस्तू डोळ्यांपुढे असून अर्थ हाती लागत नाही, असे शास्त्रात वारंवार घडते. त्यांच्याजवळ शिकलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने पुढे हा अर्थ लावला. १६२८ साली त्याने लॅटिन भाषेत लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि रक्त वर्तुळात फिरते हे सिद्ध झाले.

हार्वेची युक्ती आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांना करता येण्याजोगी आहे, कारण ती निव्वळ गुणाकाराची आहे. हृदय एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते आणि मिनिटास ७२ ठोके पडतात असे धरू. तर अर्ध्या तासात किती? ७० गुणिले ७२ गुणिले ३०, म्हणजे १,५१,२०० मिलिलिटर, दीडशे लिटरहून अधिक. देहात रक्त तर पाचच लिटर. अर्ध्या तासात दीडशे लिटर नवे रक्त कोणी खाल्लेल्या अन्नातून बनवू शकत नाही. तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा फिरून येत असले पाहिजे. हार्वेने स्वतः याहून पुष्कळच कमी आकडे धरले होते आणि तरीही निष्कर्ष तोच निघाला. धमनीतून शिरेत रक्त कोठून जाते ते मात्र त्याला दिसले नाही. ते १६६१ साली मालपिगी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात पाहिले.

झडपा पाहण्याचा प्रयोगही हार्वेचाच. शिक्षकाने तो स्वतःच्या हातावर करावा. हात काही वेळ खाली लोंबता ठेवावा म्हणजे शिरा उठून दिसतात. पुढल्या हातावरील एखादी सरळ शीर निवडून तिच्या मनगटाकडील भागावर एक बोट दाबून धरावे. दुसऱ्या बोटाने त्या बोटापासून कोपराच्या दिशेने शीर पुसत न्यावी व ते बोट उचलावे. मधला भाग रिकामा, सपाट झालेला दिसेल आणि वरच्या बाजूने रक्त खाली येऊन तो भरणार नाही. वर एक झडप मिटली आहे. आता मनगटाकडील बोट उचलताच शीर खालून चटकन भरते. रक्त कोणत्या दिशेने वाहते याचा यापरता साधा पुरावा नाही. हार्वे दंडाला पट्टी बांधून हा प्रयोग करी. आपण मुलांच्या हातांना दोरी किंवा फीत मुळीच बांधू देऊ नये. तिचे कारण पुढे येईल.

प्राचीन काळी आपल्याकडे सुश्रुतसंहितेने देहात सातशे शिरा सांगितल्या आणि शिरावेधाचे, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्याचे, तपशीलवार विवेचन केले, हे अनेकांना ठाऊक असते. तेथील ‘शिरा’ व आजची शीर या एकच समजू नयेत, एवढे मात्र वर्गात सांगावे.

झडपा वाट धरून ठेवतात, पण रक्त पुढे ढकलत नाहीत. ते काम पोटऱ्या करतात. पायातील मोठ्या शिरा पोटरीच्या मांसात खोलवर दडलेल्या असतात. पाऊल टाकताना पोटरी आवळते तेव्हा त्या पिळल्या जातात. रक्ताला खाली जाण्यास झडपांचा मज्जाव असतो. म्हणून ते वरच जाते. पोटरी सैल होताच रिकाम्या शिरेत खालून नवे रक्त शिरते. गाईची धार काढणाऱ्याची मूठ जशी एकीकडून दाबत जाते, तद्वत हे चालते. उभ्या, निश्चल माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागताच काही पावलांत तो ३० च्या आसपास उतरतो. पोटरीला वैद्यकात दुसरे हृदय म्हणतात ते उगीच नव्हे. काटोलच्या त्या मुलाला जी ‘मोटर’ हवी होती ती हीच, आणि ती त्याच्याच पायात होती.

श्वासाचेही असेच साहाय्य असते. श्वास घेताना छाती व पोट यांमधला पडदा खाली सरकतो. छातीतील दाब घटतो, पोटातील वाढतो, आणि पोटातल्या शिरांतील रक्त छातीकडे जाते. म्हणून दीर्घ श्वसनाने केवळ हवाच नव्हे तर रक्तही आत येते. मान व डोके यांच्या बाबतीत उभ्या माणसास गुरुत्वाकर्षणच मदत करते. शीर्षासन करणाऱ्याचा चेहरा तांबडाबुंद होतो, तो ही मदत उलटते म्हणून.

येथवर जे सांगितले ते शाळेच्या मैदानावर कसे प्रत्ययास येते, ते आता पाहू. हृदय जेवढे रक्त मिळते तेवढेच पुढे धाडू शकते. त्यापलीकडे त्याचा इलाज नाही. माणूस निश्चल उभा राहिला की काही मिनिटांत सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरते. एरवी शिरा व धमन्या आवळून देह हे सावरून घेतो. पण नागपूरचा उन्हाळा ध्यानात घ्यावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे येथे नवलाचे नाही. २०१३ सालच्या मे महिन्यात तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उष्म्यात अंगातील ताप बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील वाहिन्या रुंदावतात व तेथे एरवीच्या कित्येक पट रक्त खेळू लागते. त्याच वेळी घामावाटे रक्तातील पाणी कमी होते. एकीकडे वखार रुंद झाली, दुसरीकडे माल घटला. त्यात मूल सकाळी काही न खातापिता आलेले, आणि रांगेत ‘सावधान’ उभे! पोटरी हालत नाही, म्हणजे दुसरे हृदय बंद. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, मेंदूला कमी पोचते. डोळ्यांपुढे अंधारी येते, कपाळावर गार घाम फुटतो, मूल पांढरे पडते व कोसळते.

मार्च-एप्रिलमधील सकाळच्या शाळेत किंवा लांबलेल्या एखाद्या समारंभात हे दृश्य कोणी पाहिले नसेल असे नाही. माझ्या आरंभीच्या नोकरीत, परिपाठाच्या वेळी तिसरीतील एक मुलगी अशीच पडली. आम्ही दोघा शिक्षकांनी धावत जाऊन तिला काखेत हात घालून उचलले व खुर्चीवर बसविले. तिची मान लोळत होती. आम्ही तिला सरळ धरून तोंडावर पाणी मारीत राहिलो, आणि ती शुद्धीवर येईना म्हणून अधिकच घाबरलो. शाळेची एक वयस्क मदतनीस बाई आली आणि म्हणाली, “गुरुजी, निजवा ना तिले खाली.” निजविताच अर्ध्या मिनिटात मुलीने डोळे उघडले. त्या बाईंना शिरा व झडपा ठाऊक नव्हत्या. आम्हाला पाठ होत्या. पडणे हा अशा वेळी निसर्गाने योजिलेला उपाय असतो. देह आडवा होताच हृदय व पाय एका पातळीत येतात, पायांतील रक्त परतते आणि मेंदूला पुरवठा होतो. आम्ही तिला उभे धरून तो उपायच मोडीत काढला होता.

तेव्हा घेरी आलेल्या मुलास सावलीत उताणे निजवावे, पाय दप्तरांवर वा बाकावर फूटभर उंच ठेवावेत, गळ्याजवळचे व कमरेचे कपडे सैल करावेत, वारा घालावा. भोवती गर्दी करू देऊ नये. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. शुद्धीवर आल्यावर काही वेळ पडूनच राहू द्यावे. मग बसवून पाणी, लिंबाचे सरबत किंवा क्षारसंजीवनी द्यावी. एक-दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास, झटके आल्यास, डोक्याला मार लागला असल्यास अथवा असे धावताना वा खेळताना घडल्यास, ही साधी घेरी समजू नये व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उष्माघात हा तर निराळाच व भयंकर प्रकार होय. त्यात अंग भट्टीसारखे तापते, मूल असंबद्ध बोलते वा गुंगीत जाते. तेथे पाय उंच करीत बसण्याची वेळ नसते. अंगावर पाणी ओतून, पंखा लावून थंडावा देत देत रुग्णालय गाठावे.

दोरी बांधू नये असे वर म्हटले, त्याचे कारण आता सांगतो. धमनीतील दाब मोठा व शिरेतील अल्प असल्यामुळे हातापायाला फीत आवळली की प्रथम शीर बंद होते. आत येणारे रक्त येतच राहते, परत जाणारे अडते. हात सुजतो, काळानिळा पडतो. आपल्या भागात धानाच्या बांधीत वा संत्र्याच्या बागेत साप चावला की अजूनही करकचून दोरी बांधण्याची चाल आहे. तिने विष तर थांबत नाही, उलट त्या अवयवाची हानी वाढते. अधिक आवळल्यास धमनीही बंद होऊन अवयव गमावण्याची पाळी येते. दंश झालेला अवयव हलू न देता, माणसाला न चालविता, तातडीने प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात नेणे हाच योग्य मार्ग. चालण्याने पोटरीची मोटर सुरू होते, हे आपण पाहिलेच आहे. अशा वेळी तीच नको असते.

रक्तसाठ्याशी संबंधित आणखी एक गोष्ट विदर्भातील शिक्षकास विसरता येणार नाही, ती सिकलसेलची. हिंदुस्थानात या रक्तदोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या प्रदेशातून झाली. आणि १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले. तेव्हापासून नागपूर हे या आजाराच्या अभ्यासाचे एक ठिकाण राहिले आहे. केंद्र शासनाने २०२३ साली त्याच्या निर्मूलनाचे अभियानही हाती घेतले. या आजारात तांबड्या पेशी प्राणवायू देऊन टाकल्यावर विळ्याच्या आकाराच्या व ताठ होतात, आणि हे नेमके केशवाहिन्या व त्यांना लागून असलेल्या बारीक शिरा यांच्या अरुंद वाटांत घडते. तेथे पेशी अडकतात व असह्य वेदना होतात.

पोटात डाव्या बाजूस बरगड्यांखाली प्लीहा असते. आपल्याकडे तिला पाणथरी म्हणतात. घोडा, कुत्रा इत्यादी प्राण्यांत ती रक्ताची मोठीच कोठी असते, माणसात लहानशी. सिकलसेलग्रस्त लहान मुलाच्या प्लीहेत कधी कधी रक्त एकाएकी कोंडले जाते आणि ती झपाट्याने फुगते. साठा असतो, पण कुलूपबंद. मूल काही तासांत पांढरेफटक पडते, मलूल होते, डाव्या कुशीत कठीण गोळा लागतो. अशा मुलास घरी धाडून “उद्या ये” म्हणणे जिवावर बेतू शकते. ज्या शिक्षकांच्या वर्गात सिकलसेलचे कार्ड असलेले मूल आहे, त्यांनी पालकांकडून व आरोग्यसेविकेकडून प्लीहा चाचपण्याची रीत समजून घ्यावी, त्या मुलास वर्गात केव्हाही पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक द्यावी, आणि उन्हात किंवा थंडीत उभे करण्याची शिक्षा, जी कोणालाच नसावी, त्याला तर कधीच करू नये.

जाता जाता आपल्या पायांकडेही पाहू. ज्यांचा व्यवसाय उभ्याने करावयाचा असतो त्यांच्या पायांतील शिरांवर वर्षानुवर्षे भार पडतो. भिंती ताणल्या जातात, झडपांची दोन पाने एकमेकांस पोचेनाशी होतात, एका झडपेचा भार खालच्या झडपेवर येतो आणि शिरा गाठीगाठीच्या, सर्पाकार होऊन पोटरीवर उमटतात. १८७७ साली सुरू झालेल्या आणि आता बंद पडलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत दिवसभर साच्यापुढे उभे राहणारे कामगार, चौकातील वाहतूक पोलीस, न्हावी, स्वयंपाकी आणि आपण शिक्षक, सर्व या एका पंक्तीत बसतो. वंशपरंपरा, वय, गर्भारपण व स्थूलता यांचाही त्यात भाग असतो. एका जागी उभे राहून शिकविण्यापेक्षा बाकांमधून फिरत शिकविणारा शिक्षक स्वतःच्या शिरांवर उपकार करीत असतो. मुलांच्या वह्या पाहून होतात तो निराळा लाभ. रात्री पाय उशीवर ठेवून निजल्याने सूज उतरते. पण पोटरी एकाच पायाची एकाएकी सुजली, दुखू व तापू लागली, तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते व चोळण्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

आमच्या शाळेत आता परिपाठ सावलीत होतो. प्रार्थना व बातम्या यांच्यामध्ये मुले दहा वेळा टाचा उचलतात व टेकवितात. हे का करावयाचे, ते गेल्या वर्षी मी वर्गात समजावून देत असता मागल्या बाकावरील एका मुलीने विचारले, “मग घोडा तर दिवसभर उभाच राहते, झोपतेही उभ्यानंच. त्याले घेरी काहून येत नाही?” मी उत्तर शोधून दुसऱ्या दिवशी सांगितले. घोड्याच्या गुडघ्याखाली पोटरीसारखे मांस जवळजवळ नसतेच. पण त्याच्या खुरात शिरांचे दाट जाळे असते आणि पावलागणिक देहाचा भार पडून ते पिळले जाते, रक्त वर चढते. उभ्याने झोपतानाही तो आलटून पालटून मागला एकेक पाय सैल सोडतो. आणि तबेल्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवला, तर त्याचेही पाय सुजतात. टांग्याला जुंपून थोडे चालविले की सूज उतरते. हे शेवटचे वाक्य मला सांगावे लागले नाही. त्या मुलीच्या आजोबांचा कामठीस टांगा होता, आणि ते तिला आधीच ठाऊक होते.